परीक्षा कोणाची?

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥



गेल्या कार्तिकी एकादशीची गोष्ट. नागपुरात इतवारीकडे एका लहानशा विठ्ठलमंदिरात माझे प्रवचन होते. विषय होता भक्तीची दृढता. बोलण्याच्या ओघात मी नेहमीप्रमाणे सांगून गेलो की, संकट ही भक्ताची कसोटी आहे; देव आपल्याच माणसाला तापवून पाहतो, परक्याला नाही. मंडळींनी माना डोलावल्या. आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी घरोघर गेली. मागे खांबाला टेकून एक बाई तेवढी बसून राहिली.

मी तिला ओळखत होतो. तिचे यजमान याच मंदिरात वीस वर्षे पखवाज वाजवीत. २०२१ च्या एप्रिलात करोनाची दुसरी लाट नागपुरावर आली, तेव्हा ते गेले. अकरा दिवस दवाखान्यात होते. घरच्यांना शेवटचे तोंडही पाहायला मिळाले नाही. तेव्हापासून बाईची एकादशी सुटली नव्हती, गळ्यातली माळ सुटली नव्हती; पण भजनाला येणे मात्र सुटले होते. त्या दिवशी कशी कोण जाणे आली होती.

मी जवळ गेलो तशी ती म्हणाली, "महाराज, मले एक सांगा. देवानं माही परीक्षा घेतली म्हणता. मंग त्याइचा जीव काऊन घेतला? परीक्षा माही, अन् गेले ते! बरं, घेतली त घेतली. मी पास झाली का नापास, हे त कोणी सांगा!"

सज्जनहो, मला उत्तर सुचले नाही. त्याहून वाईट असे की, तिचे यजमान गेले त्या आठवड्यात मी तिला फोन केला होता आणि "धीर धरा, देव तुमची परीक्षा पाहतो आहे," हेच शब्द मी तिला ऐकविले होते. मला ते आठवतही नव्हते. तिला मात्र अक्षरन् अक्षर आठवत होते. त्या दिवसापासून हा विषय मनात घोळतो आहे. आज तो आपल्यापुढे मांडतो. यात कोणाला शिकविण्यापेक्षा स्वतःची चूक दुरुस्त करण्याचाच भाग अधिक आहे.

आता प्रश्न असा की, आयुष्यातली दुःखे हा देवाने भक्तीची परीक्षा घेण्याचा प्रकार आहे काय?

प्रथम पूर्वपक्ष पाहू. 'होय' म्हणणाऱ्यांचे म्हणणे तीन प्रकारचे आहे. पहिले असे, की सोने जसे तापवून आणि कसाला लावून पाहतात, तसा भक्तही पारखावा लागतो. दुसरे असे, की पुराणांत हरिश्चंद्राची कथा आहे, श्रियाळ-चांगुणेची कथा आहे. तेथे देवाने परीक्षा घेतल्याचे स्पष्टच आले आहे. आणि तिसरे असे, की आपल्याच संतांनी संकटांचे स्वागत केले आहे. तिन्ही म्हणणी ऐकायला रास्त वाटतात. मीही अनेक वर्षे तीच सांगत आलो. परंतु जरा खोलात जाऊन पाहू.

सोन्याचा दृष्टांत घ्या. आमच्या इतवारीच्या सराफ्यात सराफ दागिना हातात घेतो, काळ्या दगडावर घासतो आणि कस पाहतो. का पाहतो? कारण ते सोने त्याने घडविलेले नसते. कोणी तरी परका माणूस ते घेऊन आलेला असतो, आणि त्यात किती तांबे मिसळले आहे हे सराफाला ठाऊक नसते. जाणून घेण्यासाठी परीक्षा असते. ज्याला ठाऊक आहे त्याला परीक्षेचे काय काम? आपण पांडुरंगाला अंतर्यामी म्हणतो, सर्वसाक्षी म्हणतो. हृदयात बसून जो सगळे पाहतो, त्याला माझी भक्ती किती कॅरटची आहे हे समजण्यासाठी माझ्या घरातला माणूस उचलून न्यावा लागत असेल, तर तो अंतर्यामी कसला? एक तर त्याला सर्वज्ञ म्हणणे सोडा, नाही तर त्याला परीक्षक म्हणणे सोडा.

यावर कोणी म्हणेल, देवाला ठाऊक असते, पण भक्ताला स्वतःची ओळख पटावी म्हणून तो परीक्षा घेतो. ठीक. पण मग त्या बाईचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. एकीला स्वतःची ओळख पटावी म्हणून दुसऱ्याचा प्राण जावा, हा कुठला न्याय? जो गेला तो काय पाटी होता, की त्याच्यावर दुसऱ्याचे गणित सोडवावे? तोही त्याच पांडुरंगाचे लेकरू होता. त्यानेही वीस वर्षे त्याच्यापुढे पखवाज वाजविला होता. एक लेकरू शहाणे व्हावे म्हणून दुसऱ्या लेकराला विहिरीत ढकलणारी आई मी तरी पाहिली नाही. आणि आपण तर देवाला 'माउली' म्हणतो. हा शब्द आपण सकाळ-संध्याकाळ इतका उच्चारतो, की त्याचा अर्थच आपल्या कानातून निघून गेला आहे.

आता पुराणांतील कथा. श्रियाळाच्या घरी अतिथी येतो, मुलाचे मांस मागतो, आईबाप काळजावर दगड ठेवून ते देतात. कीर्तनात हे आख्यान लागले की अजूनही बायाबापड्यांच्या डोळ्यांना धार लागते. पण कथेचा शेवट काय होतो? चिलया बाळ हाक मारताच धावत येतो. हरिश्चंद्राचा रोहिदास उठून बसतो. शेवट गोड म्हणूनच तर आख्यान लावता येते. आपल्या घरचा चिलया हाक मारल्यावर येत नाही. ज्या आईने मुलाला स्मशानात पोचविले, तिला चांगुणेची कथा सांगणे म्हणजे भुकेल्याला जेवणाच्या पंगतीचे वर्णन ऐकविणे आहे. त्या कथा भक्ताचा मोठेपणा गाण्यासाठी रचलेल्या आहेत. प्रत्येक घरातल्या मरणाचा खुलासा करण्यासाठी त्या कोणी रचल्या नाहीत. त्यांच्यावर नको तो भार घालू नये.

परीक्षेची एक कथा आपल्या संप्रदायातही आहे, ती टाळून चालणार नाही. तेरढोकीला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून मडकी तपासली. नामदेवराय तेवढे कच्चे निघाले. पण पाहा, तेथे परीक्षा घेतली ती संतांनी, आपसात, प्रेमाने. आणि घेतली ती एका थापटण्याने. कोणाचे घरदार बुडवून नव्हे. शिवाय मडके कच्चे निघाले म्हणून कोणी ते फोडून टाकले नाही. नामदेवराय रुसून विठोबाकडे गेले, तेव्हा विठोबाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठविले. कच्च्याला पक्के करण्याची वाट दाखविली. परीक्षा म्हणायची तर ती अशी असते.

तिसरे म्हणणे संतांचे. येथे मात्र फार सावधपणे बोलले पाहिजे. तुकोबारायांच्या आयुष्यात काय घडले ते आपण सर्व जाणतो. आईवडील गेले. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढे तुकोबारायांनी स्वतःच म्हटले आहे की, हे सगळे झाले ते बरेच झाले, त्यामुळे संसाराचा मोह सुटला आणि देव जोडला. हे आम्ही प्रवचनकार शंभरदा सांगतो. पण दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात.

पहिली ही की, ते तुकोबारायांनी स्वतःविषयी म्हटले आहे, आणि सोसून झाल्यावर म्हटले आहे. ज्याचे त्याने सोसून, तपासून, आपल्या तोंडाने असे म्हणणे ही त्याची मिळकत आहे. तेच वाक्य शेजाऱ्याने येऊन त्याच्या दारात म्हटले, की त्याचा दगड होतो. तुकोबारायांची पत्नी गेली त्या दिवशी देहूतल्या कोणी येऊन "बरे झाले, आता देव जोडेल" असे म्हटले असते, तर त्याला आपण संत म्हटले असते काय?

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. तोच दुष्काळ देहूच्या इतर लोकांवरही आला होता. त्यांनी तुकोबारायांच्या घराण्याकडून कर्ज घेतले होते, खते लिहून दिली होती. तुकोबारायांनी काय केले? धाकटे बंधू कान्होबा यांना त्यांच्या वाटणीची खते देऊन टाकली आणि स्वतःच्या वाटणीची इंद्रायणीत सोडली. ऋणको लोकांना "देव तुमची परीक्षा पाहतो आहे, श्रद्धा ठेवा," असा उपदेश त्यांनी केला नाही. आपल्यापुरते दुःख त्यांनी देवाचे म्हणून स्वीकारले आणि दुसऱ्याचे दुःख स्वतःचे म्हणून उचलले. या दोहोंतला फरक ध्यानात आला, की आजचा विषय निम्मा सुटला.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत पाहा. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लोकांना खुली केली. राजाज्ञा मोडली, मरण पत्करले. आणि देव कोठे होता? संप्रदायाची परंपरा सांगते की, देव विठू महार होऊन बादशहाच्या दरबारी गेला आणि धान्याचे पैसे भरून आला. विचार करा, आपल्या पूर्वजांनी कथा अशी का सांगितली? दुष्काळ पाडून माणसांची श्रद्धा मोजत बसलेला देव त्यांनी रंगविला नाही. धान्य वाटणाऱ्याची बाकी फेडणारा देव त्यांनी रंगविला. जनाबाईंच्या जात्यालाही तोच देव हात लावतो. जड झालेला खुंटा तिच्याबरोबर ओढतो.

त्याच मंगळवेढ्याला १३३८ साली गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि तीखाली चोखोबाराय इतर मजुरांबरोबर गाडले गेले. ज्यांनी आयुष्यभर विठ्ठलावाचून दुसरे काही जाणले नाही, त्यांना दर्शनासाठी देवळात पाऊल टाकू दिले गेले नाही, आणि शेवट असा झाला. संकट ही परीक्षा असेल, तर सांगा, चोखोबा त्या भिंतीखाली पास झाले की नापास? हा प्रश्न तोंडातून काढतानाच जीभ जड होते. नामदेवरायांनी तो काढला नाही. ते मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी वेचल्या, आणि पंढरीला महाद्वारासमोर समाधी दिली. आजही आपण नामदेव पायरीशी माथा टेकतो, तेव्हा समोर चोखोबाराय आहेत. एका संताने दुसऱ्याच्या मरणाचा अर्थ सांगितला नाही. त्याची हाडे उराशी धरून आणली.

मग परीक्षा म्हणून काही नसतेच काय? असते. पण ती कोणाची, हे आपण उलटे वाचतो. आळंदीच्या त्या चार भावंडांना आठवा. संन्याशाची पोरे म्हणून गावाने वाळीत टाकली. आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले. लेकरे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली, तेव्हा त्यांची परीक्षा कोणी घेतली? देवाने नव्हे, माणसांनी. आणि त्या परीक्षेत नापास कोण झाले, हे सातशे वर्षांनंतर सांगायची गरज उरली नाही. ज्यांची परीक्षा घेतली गेली ते तरले. ज्यांनी दार लावून घेतले ते नापास झाले.

सज्जनहो, कोणाच्याही घरावर संकट कोसळते तेव्हा परीक्षा सुरू होते ती त्या घराच्या आसपास राहणाऱ्यांची. २०२१ च्या त्या एप्रिलात आपल्या नागपुरात ती झाली. त्या बाईनेच मला पुढे सांगितले: यजमान दवाखान्यात, घरात ती आणि म्हातारी सासू, दोघीही आजारी. आळीतल्या खिडक्या भराभर लागल्या. आपल्या भजनी मंडळातला कोणी फिरकला नाही. समोरच्या घरी एक बाई राहते. तिने कधी माळ घातली नाही, एकादशी धरली नाही. ती रोज दोन वेळा डबा आणून उंबऱ्यावर ठेवी, कडी वाजवी आणि मागे सरून उभी राही. दार उघडून डबा आत गेला की मगच जाई. असे चौदा दिवस. त्या दिवसांत मी काय केले? फोन केला आणि परीक्षेचा सिद्धान्त सांगितला. कोण पास, कोण नापास, हे तुम्हीच ठरवा.

आपले वऱ्हाडातले प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज १८८१ साली लोणी टाकळीला जन्मले. वर्षाच्या आतच त्यांची दृष्टी गेली, लहानपणीच आई गेली. चौतीस वर्षांचे आयुष्य, पण ग्रंथरचना एवढी की डोळस माणसाने थक्क व्हावे. आम्ही सांगतो, देवाने डोळे नेऊन त्यांची परीक्षा पाहिली. पण ते ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोचले कसे? कोणी तरी शेजारी बसून वाचून दाखविले, त्यांनी सांगितले ते कोणी तरी लिहून घेतले. महाराजांची प्रज्ञा अलौकिक, यात शंका नाही. पण त्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी आपले डोळे दिले, ती त्यांची सेवा. देव कोठे होता हे शोधायचे, तर त्या वाचणाऱ्याच्या आवाजात का शोधू नये?

कोणी विचारील, मग दुःख येते कोठून? शास्त्र प्रारब्ध म्हणते. ते मला मान्य आहे. पण तेही परीक्षेसारखेच दुधारी आहे. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखाला लावला तर धीर देतो, दुसऱ्याच्या दुःखाला लावला तर जखम करतो. आणि पुष्कळ दुःखांची कारणे तर आपल्या डोळ्यांसमोर असतात. साथ आली ती विषाणूने. विहीर आटली ती पाऊस न पडल्याने आणि उपसा फार झाल्याने. कापसाला भाव मिळाला नाही तो बाजारामुळे. जेथे माणसाला हात घालता येतो, तेथे देवाची परीक्षा म्हणून हात जोडून बसणे ही भक्ती नव्हे, तो आळस आहे.

आणखी एक. ज्याच्यावर दुःख येते तो रडतो, देवावर रागावतो, भजनाला येत नाही. आम्ही म्हणतो, श्रद्धा डळमळली. भगवंतांनी गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले, त्यांत पहिला कोण? आर्त, म्हणजे दुःखाने कळवळून हाक मारणारा. पुढे त्या चौघांनाही त्यांनी उदारच म्हटले आहे. जनाबाईंनी विठ्ठलाला काय कमी शिव्या दिल्या? नामदेवराय किती वेळा भांडले? वह्या बुडाल्यावर तुकोबाराय तेरा दिवस इंद्रायणीकाठी अन्नपाणी सोडून बसले, ते धरणेच नव्हे काय? आईशी भांडणारे लेकरू नापास होत नसते. भांडायला का होईना, ते तिच्याकडेच तोंड करून असते.

आता शेवटी आपल्या दैवताकडे पाहू. पुंडलीक आईबापांचे पाय चेपीत होता, देव दारात आला. पुंडलीक उठला नाही. वीट फेकली आणि थांबायला सांगितले. देव थांबला, अजून थांबला आहे. सज्जनहो, या कथेत परीक्षा झाली असेल, तर ती कोणाची? भक्ताला सेवेत वेळ लागतो आहे, म्हणून जो अठ्ठावीस युगे कमरेवर हात ठेवून उभा राहतो, तो तुमच्या घरी दुःख धाडून तुमचे गुण मांडीत बसेल काय? आपल्याच नागपूर जिल्ह्यात, कळमेश्वर तालुक्यात धापेवाडा आहे. तेथली आख्यायिका अशी की, कोलबास्वामी दरवर्षी पंढरीला पायी जात. म्हातारपणी पाय थकले, तेव्हा देवच त्यांच्याकडे आला, गावच्या विहिरीत प्रकटला. थकलेल्या भक्ताची वारी चुकली म्हणून देवाने त्याला जाब विचारला नाही. स्वतः वाट चालून आला. २०२० आणि २०२१ साली पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या आणि लाखो वारकरी घरीच राहिले. त्यांपैकी एकाचीही वारी देवाने चुकलेली मांडली असेल, असे मला वाटत नाही.

दिंडीत चालताना एखाद्याच्या पायाला फोड आला, ताप भरला, तर आपण काय करतो? "तुझी श्रद्धा किती आहे ते बघू" असे म्हणतो काय? त्याचे गाठोडे दुसऱ्याच्या डोक्यावर जाते, कोणी पाणी देते, कोणी हाताला धरते. दिंडी जरा हळू चालते. दिंडीतली ही रीत घरी परतल्यावर आपण का विसरतो, एवढाच माझा प्रश्न आहे. म्हणून यापुढे आपण एक नेम करू. दुःखाच्या घरी जाताना अर्थ घेऊन जायचे नाही. पाण्याची घागर, भाकरीचा डबा, औषधाचा कागद, फार तर दोन मुके डोळे घेऊन जायचे. त्या घरातल्या माणसाला पुढे कधी स्वतःच काही अर्थ सापडला, तर तो त्याच्याच तोंडून ऐकायचा. आपण तो आधी सांगायचा नाही.

त्या बाईला मी त्या दिवशी एवढेच म्हणालो, "माय, मी चुकीचं बोललो होतो. माफ कर." ती काही बोलली नाही. तेव्हापासून एकादशीला संध्याकाळी मी तिच्या घरी जातो. भजनाला चला म्हणत नाही. सासूबाईंना थोडी ज्ञानेश्वरी वाचून दाखवितो आणि परत येतो. गेल्या एकादशीला गेलो तर खुंटीवरचा पखवाज खाली उतरवून ठेवलेला होता. डाव्या पुडीला लावायला तिने कणीकही भिजवून ठेवली होती. म्हणाली, "मंडळात कोणी पोरगं शिकत असन त त्याले द्या. टांगूनच राहिला त चामडं फाटते."

मी तो घेऊन आलो. एक पोरगा शिकतो आहे. बाई अजून भजनाला येत नाही, आणि तिने यावे असे मी म्हणणारही नाही. वाट पाहणे कसे असते, ते विटेवरच्याने आपल्याला शिकविलेच आहे.

॥ रामकृष्ण हरि ॥